सारसोळ्याची होडी आणि एकशे तीस किलो पाणी

मामाला होडीसाठी पंधरा हॉर्सपॉवरचं मशीन घ्यायचं होतं. होडीला ९.९ हॉर्सपॉवरचं दोन-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवायचं मशीन, होतं, ते आता दमलं असं त्याने ठरवून टाकलं होतं. मामीने दोन पाटल्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. मी रबाळ्याच्या एमआयडीसीत फायबरच्या साच्यांवर काम करतो, टाक्या आणि पॅनेल बनवतो. होडी कधी बनवलेली नाही, पण माझं लहानपण नवी मुंबईतल्या सारसोळ्यात मामाकडेच गेलं. नवं मशीन बसवायच्या आधी मागची फळी मजबूत करून हवी होती, म्हणून त्याने मला बोलावलं. "वरून दोन थर मार फायबरचे, झालं," तो म्हणाला.

ते दोन थर मी मारले असते तर पाटल्या गेल्या असत्या आणि एखाद्या दिवशी मशीनही खाडीत गेलं असतं. म्हणून फेब्रुवारी ते मेअखेर जे जे पाहिलं, केलं आणि चुकलं ते सगळं इथे लिहितो आहे. सारसोळे, दिवाळे, करावे, वाशी गाव, घणसोली, पलीकडे ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा, सगळीकडे फायबरच्या अशा लहान होड्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच आता म्हाताऱ्या होऊ लागल्या आहेत.

होडी साडेअठरा फुटांची, रुंदीला पाच फूट, एकसंध फायबरची. मामाने ती सेकंडहँड घेतली तेव्हाच पाच-सहा वर्षांची होती आणि त्यालाही आता नऊ वर्षं झाली. मासेमारी खाडीतलीच. बोईट, कोळंबी, नशीब असेल तर जिताडा, आणि चिंबोरीचे फग, म्हणजे सापळे. तीन माणसं, जाळी, बर्फाची पेटी, पंचवीस लिटरची पेट्रोलची टाकी एवढा भार.

तक्रारी तीन होत्या. एक, वेग गेला. दोन, होडी मागून बसते आणि रिव्हर्स मारताना किंवा मागून लाट आली की मशीन अडकवायच्या खाचेवरून पाणी आत येतं. तीन, जाळं ओढायला दोघं नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, गेले की मशीन नुसतं ओरडतं, ओढत नाही. तिसरी तक्रार ऐकल्यावरच मला शंका आली. दमलेलं मशीन ओरडत नाही, ते गुदमरतं. ओरडतं म्हणजे त्याच्यावर भारच नाही, त्याचा पाण्यातला पंखा हवा खातो आहे.

दिवाळ्याचा एक मेकॅनिक माझ्या ओळखीचा आहे. त्याने मशीन तपासलं. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं, कार्बोरेटर साफ, पेट्रोल-ऑइलचं प्रमाण बरोबर. फक्त पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर झिजून गुळगुळीत झाला होता. आपल्या खाडीत हे व्हायचंच. ओहोटीच्या वेळी ठाण्याच्या खाडीत पाणी कमी आणि गाळ जास्त असतो, आणि मशीन तोच गाळ थंडाव्यासाठी आत ओढून घेतं. इंपेलर बदलला, पण वेगात काडीचा फरक पडला नाही. मेकॅनिकने आणखी एक काम केलं. स्पार्क प्लगच्या वायरला लावायचं आरपीएम मीटर आणलं आणि पूर्ण भाराने, पूर्ण थ्रॉटलवर होडी पळवली. मीटर ४,१०० वर अडकलं. या मशीनच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलला ४,५०० ते ५,५०० दिलं आहे. म्हणजे मशीन धडधाकट होतं, पण त्याच्या अंगावर काहीतरी जड होतं.

वेगही मोजला. मोबाइलच्या जीपीएसवर एकदा भरतीच्या ओढीबरोबर, एकदा तिच्या विरुद्ध, आणि दोन्हींची सरासरी. एकाच दिशेने मोजलेला वेग खाडीत निरर्थक असतो, त्यात पाण्याचाच वेग मिसळलेला असतो. सरासरी आली ताशी ७.६ किलोमीटर.

आता पंधराच्या मशीनने काय मिळालं असतं ते बघू. पाण्याला कापत जाणाऱ्या, पाण्यावर न उचलल्या जाणाऱ्या होडीच्या वेगाला लांबीची मर्यादा असते. पाण्याला टेकलेली लांबी मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि साडेचारने गुणायचं. मामाच्या होडीची ही लांबी पाच मीटर, वर्गमूळ २.२४, म्हणजे ताशी दहा किलोमीटर. त्यापुढे होडी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकते. ताकद वाढवली की नाळ वर उठते, मागची बाजू खड्ड्यात बसते आणि पेट्रोल जळतं. दहाच्या आतसुद्धा वेग ताकदीच्या प्रमाणात वाढत नाही. साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात ताकद लागते. ९.९ चं १५ केलं, ताकद दीडपट झाली, तरी वेग जास्तीत जास्त चौदा टक्के वाढतो. ७.६ चा ८.७. आणि ज्या होडीची तक्रारच मागून बसते अशी आहे, तिला तेवढाही नाही.

मी हे मामाला जेट्टीवर बसून वहीत मांडून दाखवलं. त्याने वही बघितली, मग होडीकडे बघितलं. "मंग पयले कशी पलायची?" त्याने विचारलं.

प्रश्न अगदी नेमका होता. तीच होडी, तेच मशीन नऊ वर्षांपूर्वी पळत होतं. मध्ये काय बदललं?

काट्यावर

होडीचं वजन करावं हे मला सुचलं ते कारखान्यातल्या सवयीमुळे. आमच्याकडे प्रत्येक टाकी काट्यावर जाते, कारण फायबरमध्ये रेझिन, म्हणजे काचेच्या कापडाला घट्ट धरणारा चिकट द्रव, जास्त पडलं की कमी, हे डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसतं. होडीचं वजन मात्र सहसा कुणी करत नाही. पाण्यात तरंगते तोवर वजनाचा विचारच मनात येत नाही.

चैत्री पौर्णिमेच्या उधाणाला दुपारी होडी वर घेतली. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती भर दुपारच्या सुमारास येते, त्यामुळे उजेडात काम होतं. भांगाच्या, म्हणजे लहान, भरतीला पाणी तिथवर पोचतच नाही, मग चिखलातून होडी ओढायला वीस माणसं लागतात. आठ जणांनी लाकडी ओंडक्यांवरून वर आणली, टेम्पोत चढवली आणि वजनकाट्यावर नेली. रिकामा टेम्पो ३,१२० किलो, होडीसह ३,५१५. मशीन, जाळी, टाकी सगळं काढलेलं असताना नुसती होडी ३९५ किलोंची.

हे जास्त की कमी ते ठरवायला दुसरी वस्तू हवी होती. सुदैवाने त्याच साच्यातली एक होडी गावातच आहे. तिच्या मालकाने काही वर्षांपूर्वी बाकाखालचा फोम काढून टाकला होता. विनंती करून तीही टेम्पोत चढवली. २६५ किलो.

एकशे तीस किलो फरक. म्हणजे दोन दणकट माणसं कायम होडीत बसलेली, तीही मागच्या बाजूला, आणि कामाला हात न लावणारी. मामा ती पावती हातात धरून बराच वेळ उभा होता. माझ्या वहीतल्या आकड्यांनी जे झालं नव्हतं ते त्या पावतीने झालं. पंधराच्या मशीनचा विषय त्याच क्षणी बंद झाला.

फळी

आउटबोर्ड ज्यावर अडकवतात ती होडीची मागची भिंत, म्हणजे ट्रान्सम, बाहेरून फायबर, आतून फायबर आणि मध्ये प्लायवूड अशी असते. मशीनचं वजन तिच्यावर असतंच, पण खरा जोर पंख्याचा. पंखा खाली पाण्यात ढकलतो आणि ती ढकल शिकंज्यांतून फळीच्या वरच्या काठावर येते, तरफेसारखी. मधलं लाकूड मेलं की दोन पातळ फायबरच्या पापुद्र्यांवर तो सगळा जोर येतो. बाहेरून फळी सुंदर दिसते, रंगही चकाकतो, आणि आत काही उरलेलं नसतं.

तपासायला फार काही लागत नाही. प्लास्टिकच्या हातोडीने किंवा रुपयाच्या नाण्याने टिचक्या मारत जायचं. चांगल्या जागी टणक, खणखणीत आवाज येतो, कुजल्या जागी मडक्याच्या बुडासारखा बद्द. मामाच्या फळीचा खालचा निम्मा भाग बद्द बोलत होता. मग आतल्या बाजूने पाच मिलिमीटरचं एक भोक पाडलं. ड्रिलच्या टोकाला कोरडा भुसा यायला हवा होता. आला चहाच्या चोथ्यासारखा काळा ओला लगदा, आणि पाठोपाठ भोकातून पाणी ठिबकू लागलं. ते पाणी मी जिभेला लावून पाहिलं. ते खारट नव्हतं.

ही या प्रकरणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट आहे. आपण समजतो होडी खाडीच्या पाण्याने खराब होते. लोखंडाच्या बाबतीत ते खरं आहे. पण लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. परदेशात मोठ्या लाकडी जहाजांच्या फासळ्यांमधल्या पोकळीत मुद्दाम मीठ भरून ठेवत असत ते याचसाठी. बुरशी माजते गोड्या पाण्यात. मामाची होडी खाडीत कुजली नाही, ती किनाऱ्यावर कुजली, पावसात.

पावसाळ्यात होडी महिनोन्महिने जेट्टीजवळ उघडी पडून असे. आपल्याकडे मोसमात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. होडीचं उघडं तोंड सुमारे सहा चौरस मीटर. म्हणजे एका पावसाळ्यात बारा हजार लिटरहून जास्त पाणी तिच्यात पडतं. मामा ते उपसत असे, पण रोज नाही. आणि होडी मागे थोडी कलती ठेवलेली असल्यामुळे ते पाणी नेमकं फळीच्या पायथ्याशी साचत असे. तिथे आतल्या बाजूने जुन्या मालकाने बॅटरी ठेवायला, नंतर डबा अडकवायला असे सहा-सात स्क्रू मारलेले होते. कुठल्याच भोकात सीलंट नाही. वर मशीनचे बोल्ट, त्यांनाही नाही. खाली पाणी काढायच्या बुचाचं भोक तर सरळ प्लायवूडमधून आरपार, कडा उघड्या. प्लायवूड चिमणीच्या वातीसारखं पाणी वर ओढतं. नऊ पावसाळे त्याला मिळाले होते.

आजोबांची होडी लाकडी होती. दर वर्षी ती उपडी करून सांधे कापसाने आणि राळेने भरायचे, वरून मुशीचं तेल चोपडायचं. घरभर आठवडाभर त्याचा वास असायचा. ते काम त्रासाचं होतं, पण त्या निमित्ताने प्रत्येक फळीवरून दर वर्षी माणसाचा हात फिरायचा. फायबरची होडी आली तेव्हा "हिला काही करावं लागत नाही" हेच तिचं मोठं कौतुक होतं.

बाकाखाली कप्प्यांत तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. तो कापून काढला तेव्हा स्पंजसारखा पिळता येत होता. बाहेर काढलेला फोम आणि लगदा आम्ही गोण्यांत भरून वजन केला, एकशे दहा किलोंच्या वर भरला. उरलेलं पाणी उपसताना वाहून गेलं असणार. एका कप्प्यात कुणीतरी मधल्या काळात थर्माकोल टाकून वरून फायबर मारायचा प्रयत्न केलेला दिसला. रेझिनमधलं स्टायरिन थर्माकोल विरघळवून टाकतं, त्यामुळे तिथे नुसती पोकळी आणि तळाला चिकट गोळा उरला होता. हे अजूनही पुष्कळ जण करतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

तिसऱ्या तक्रारीचं मूळही इथेच सापडलं. मशीन शॉर्ट शाफ्टचं, म्हणजे फळीची उंची खाचेपाशी १५ इंच हवी. लाँग शाफ्टला २० लागते. मामाच्या फळीवर कुणीतरी अडीच इंचांचा लाकडी ठोकळा बसवून मशीन उंच केलं होतं, कारण खाचेवरून पाणी येत होतं. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली असायला हवी. ती दीड-दोन इंच वर गेली होती. होडी मागून बसलेली असताना चालून जायचं. पण दोन माणसं पुढे गेली, मागची बाजू उचलली गेली, की पंखा पृष्ठभागाशी येऊन हवा ओढायचा. एका दुखण्यावरच्या इलाजाने दुसरं दुखणं उभं राहिलं होतं.

बांधकाम

पाऊस यायला सहा आठवडे होते. दमट हवेत फायबरचं काम नीट होत नाही, म्हणून मेअखेरची मुदत पक्की धरली.

बाहेरचा पापुद्रा तसाच ठेवायचा आणि आतून काम करायचं असं ठरलं. त्यामुळे होडीचा आकार जागच्या जागी राहतो आणि वेगळा साचा लागत नाही. आतला थर ग्राइंडरने कापला, मधलं लाकूड छिन्नीने आणि खरवडणीने काढलं. यात दोन दिवस गेले. वरचा भाग, जिथे लाकूड चांगलं होतं, तो काढणं सगळ्यात कठीण गेलं. चांगलं आहे म्हणून ठेवावं असा मोह होतो, पण जुन्या-नव्या लाकडाचा सांधा नेमका मशीनच्या शिकंज्याखाली आला असता. सगळं काढलं. कडेने जुन्या फायबरला उतरता काठ दिला, जाडीच्या बारापट. सहा मिलिमीटरचा थर, म्हणून बहात्तर मिलिमीटर लांब उतार. जुन्या वाळलेल्या फायबरवर नवा थर रसायनाने जुळत नाही, तो फक्त खरखरीत पृष्ठभागाला धरतो. त्यामुळे ४० नंबरच्या पेपरने घासून, धूळ काढून, ॲसिटोनने पुसून मगच हात लावायचा.

घासकामाच्या धुळीबद्दल एक सांगायला हवं. ती डोळ्यांना दिसेनाशी बारीक काच असते. आम्ही तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांधली आणि रोज संध्याकाळी धूळ झाडून गोणीत भरली. ठाण्याच्या खाडीला २०२२ मध्ये रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, त्याआधी २०१५ पासून वाशी आणि ऐरोलीच्या पुलांमधला भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे. पण ती माझ्या दृष्टीने नंतरची गोष्ट. जेट्टीखालच्या त्याच चिखलात निवट्या आहेत, चिंबोऱ्या आहेत, आणि त्याच चिखलावर मामाचं घर चाललं आहे. त्यात काच कोण सोडेल?

लाकडासाठी आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय घेतलं, १८ मिलिमीटरचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून ३६. दुकानात साधं वॉटरप्रूफ प्लाय पुढे करतात, त्यावर आयएस ३०३ लिहिलेलं असतं. ते स्वयंपाकघराच्या कपाटांना ठीक आहे. फळीसाठी इपॉक्सी रेझिन वापरलं, बाकी होडीसाठी नेहमीचं पॉलिस्टर. इपॉक्सी दुपटी-तिपटीने महाग पडतं, पण लाकडाला आणि जुन्या फायबरला त्याची पकड फार चांगली. दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. इपॉक्सीबरोबर काचेच्या धाग्यांच्या तुकड्यांची साधी मॅट चालत नाही, कारण तिचे धागे ज्या चिकटवणीने धरलेले असतात ती पॉलिस्टरमधल्या स्टायरिननेच विरघळते. इपॉक्सीला विणलेलं किंवा शिवलेलं कापड लागतं. आणि एकदा इपॉक्सी लावलं की त्याच्यावर पॉलिस्टर नीट धरत नाही, म्हणून कुठे काय लावायचं ते आधीच खडूने आखून घेतलं.

प्लायच्या सगळ्या कडांना इपॉक्सीचे तीन हात. कापलेली कड म्हणजे प्लायचं तोंड, पाणी तिथूनच पितं. मग घट्ट केलेल्या इपॉक्सीच्या लेपावर प्लाय दाबून बसवलं, जुन्याच बोल्टच्या भोकांतून आट्यांच्या सळ्या घालून आवळलं. कोपऱ्यांत गोलाई भरली आणि कापडाचे थर चढवले, पहिला शंभर मिलिमीटर होडीच्या अंगावर आलेला, दुसरा दीडशे, तिसरा दोनशे. फळीपासून तळाच्या कण्यापर्यंत दोन तिरके आधार दिले, म्हणजे पंख्याचा जोर फळीवर न थांबता पूर्ण होडीत जातो. हे आधार मूळ होडीत नव्हतेच.

मेमध्ये पारा चौतिसाच्या पुढे असतो. त्या उन्हात मिसळलेलं रेझिन पंधरा मिनिटांत दगड होतं. आम्ही सकाळी सहा ते नऊ एवढंच काम केलं, एका वेळी किलोभरापेक्षा जास्त कालवलं नाही. पॉलिस्टरच्या बाबतीत एक इशारा, कारण घरच्या घरी काम करणारे यात डोळे आणि हात गमावतात. त्यात घालायचा कोबाल्ट आणि हार्डनर हे दोन्ही कधीही एकमेकांत थेट मिसळू नयेत, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग वेगळ्या मापाने हार्डनर. आणि हार्डनर हाताळताना चष्मा हवाच, डोळ्यात गेलेला एक थेंब नजर घेऊन जाऊ शकतो.

पाणी अडवणारी पेटी, आणि माझी चूक

फळी पुन्हा १५ इंचांवर आणली, ठोकळा काढून टाकला. मग खाचेवरून येणाऱ्या पाण्याचं काय? त्यासाठी मशीनच्या पुढे, होडीच्या आत एक आडवी भिंत उभी केली, वीस इंच उंचीची. खाचेवरून आलेलं पाणी तिच्या आणि फळीच्या मधल्या पेटीत पडतं आणि दोन भोकांतून परत बाहेर जातं. होडीत येत नाही.

मामाचा या पेटीला विरोध होता. "जाली कंय ठेवू?" तो म्हणत होता, आणि त्याचं बरोबर होतं. साडेअठरा फुटांत दोन फूट देणं म्हणजे जाळ्याची एक अख्खी चवड गेली. घासाघीस होऊन पेटी ३५ सेंटिमीटर खोल करायची ठरली. मी भिंत कापली, बसवली, थर मारले. तिसऱ्या दिवशी मशीन चढवून वर उचलून पाहिलं तर त्याचं डोकं भिंतीला अडलं. पूर्ण उचललं जाईना. सारसोळ्यात हे चालणारच नाही. ओहोटीत परतताना पाण्यात हातभर खोलीही नसते, मशीन उचलून वल्ह्याने होडी काढावी लागते. न उचलता येणारं मशीन म्हणजे चिखलात रुतलेला पंखा.

मी मशीनची उंची मोजली होती, पण उचलताना त्याचं डोकं पुढे किती झुकतं ते मोजलं नव्हतं. पुठ्ठ्याची भिंत उभी करून पाच मिनिटांत कळलं असतं. वाळलेलं फायबर कापून काढायला दीड दिवस आणि अडीच किलो इपॉक्सी गेलं. नवी भिंत ४८ सेंटिमीटरवर उभी केली, आधी पुठ्ठ्याची, मामाच्या समोर. गेलेली जागा भरून काढायला मामीनेच उपाय सांगितला. पेट्रोलची टाकी आणि बर्फाची पेटी मागून काढून मधल्या बाकाजवळ आणा, जाळी मागे येईल. टाकी भरलेली असताना पंचवीस किलोंच्या आसपास, बर्फ-मासळी पन्नास-साठ. मागचं वजन पुढे सरकल्याने होडीचा तोलही सुधारला. मी तोलाचा विचार करत होतो, मामी जागेचा, आणि दोन्हींचं उत्तर एकच निघालं.

फोम परत भरला नाही. त्याऐवजी वीस लिटरचे बारा प्लास्टिक कॅन, झाकणं सीलंटने बंद करून, बाकांखाली पट्ट्यांनी घट्ट बांधले. हिशेब असा. फायबर पाण्याच्या दीडपट जड, म्हणून २८० किलोंची होडी पूर्ण बुडाली तर पाण्यात तिचं वजन साधारण शंभर किलो भरतं. मशीनचे पंचवीस-तीस धरा. बारा कॅन मिळून दोनशे चाळीस किलो उचलतात. होडी पाण्याने भरली तरी तळाला जात नाही आणि तीन माणसांना धरायला काहीतरी राहतं. शिवाय कॅन दर वर्षी काढून हलवून बघता येतो, आत पाणी गेलं का ते कळतं. फोमचं तसं नाही.

बोल्टची भोकं मोठी पाडून इपॉक्सीने भरली आणि मग त्या भरावात पुन्हा लहान भोकं पाडली, म्हणजे बोल्ट लाकडाला कुठेच शिवत नाही. बुचाच्या भोकालाही तेच. बोल्ट ३१६ नंबरच्या स्टीलचे, ३०४ आपल्या खाऱ्या हवेत तांबूस पडतं.

साहित्य, टेम्पो, इंपेलर, बोल्ट मिळून एक्केचाळीस हजारांच्या आसपास गेले. माझी मजुरी धरलेली नाही, ती मामीच्या हातच्या निवट्यांच्या कालवणात वसूल झाली.

पाण्यात

उतरवण्याआधी पुन्हा काटा. २८५ किलो. आधार, पेटी आणि कॅन यांमुळे दुसऱ्या होडीपेक्षा वीस किलो जास्त, पण आधीच्यापेक्षा एकशे दहा कमी.

मेअखेरच्या उधाणाला होडी पाण्यात गेली. आधी जेट्टीला दोर बांधून मुद्दाम बादल्यांनी काठोकाठ भरली. मामा आणि त्याचा मुलगा तिच्यात बसून राहिले, कमरेपर्यंत पाण्यात. होडीचे काठ पाण्याला टेकले, पण खाली गेले नाहीत. मामी जेट्टीवर उभी होती. ती काही बोलली नाही, पण शेवटच्या बादलीपर्यंत तिथून हललीही नाही.

पूर्ण भाराने खाचेचा काठ पाण्यापासून आता २१ सेंटिमीटर वर राहतो, आधी चौदा होता. वेग, दोन्ही दिशांची सरासरी, ९.१. आरपीएम ४,४५०, म्हणजे अजूनही पुस्तकाच्या किंचित खाली. मेकॅनिकने ९ इंच पिचचा पंखा काढून ८ चा लावला. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात जितकं पुढे जाईल ते अंतर. ओझ्याच्या संथ होडीला लहान पिच बरी, जसं चढावर खालचा गिअर. आरपीएम ४,६५० झालं, वेग ९.४. दहाची मर्यादा मी आधी सांगितलीच आहे, यापुढे मागण्यासारखं फारसं उरत नाही. एका फेरीला सात लिटरच्या आसपास लागणारं पेट्रोल पाचवर आलं. दोघं पुढे गेले तरी मशीन ओरडत नाही.

राहिला पावसाळा. मासेमारीबंदीच्या काळात, १ जूनपासून, होडी वर आली तेव्हा मामाने नाळेखाली दोन टायर रचले, म्हणजे मागची बाजू उतरती राहून पाणी सरळ बुचाकडे वाहतं. बूच काढून ते स्वतःच्या घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलं, म्हणजे होडी उतरवताना विसरणार नाही. वर ताडपत्री, पण दोन्ही टोकांना मोकळी, आत वारा खेळावा म्हणून. घट्ट झाकलेल्या होडीत दमटपणा कोंडतो आणि ते पावसाइतकंच वाईट. आत कुठलाही नवा स्क्रू मारायचा नाही असा त्याने मुलाला दम दिला आहे. डबा अडकवायचा असेल तर दोर बांध.

या वर्षी मेमध्ये होडी पुन्हा काट्यावर नेली. २९० किलो. काटा पाच-पाच किलोंनीच मोजतो, त्यामुळे या पाचाला अर्थ आहे की नाही ते पुढच्या मेमध्ये कळेल. फळीवर नाण्याने टिचक्या मारल्या, खालपासून वरपर्यंत एकच खणखणीत आवाज आला. तिन्ही पावत्या मामीने होडीच्या नोंदणीच्या कागदांबरोबर पत्र्याच्या डब्यात ठेवल्या आहेत, पाटल्यांच्या शेजारी.